‘स्लाउच’ म्हणजे पोक? हो, पण अर्धंच

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘इंग्रजीतल्या स्लाउच या शब्दाचा नेमका अर्थ काय? शब्दकोशात “पोक काढणे, वाकणे” असं दिलंय. मी एका कथेचा अनुवाद करतोय. तिच्यातला मुलगा वर्गात स्लाउच करून बसतो, पुढे भिंतीपाशी स्लाउच करून उभा राहतो आणि शेवटी स्लाउच करतच खोलीतून निघून जातो. त्याच्या आजीचं वर्णन स्टूप्ड असं आहे, पण तिच्याबद्दल शेजारी म्हणतो, “शी इज नो स्लाउच.” सगळीकडे पोक बसवून पाहिलं, जमत नाही. हंच, स्लम्प, क्राउच हेही शब्द कथेत आहेत. त्यांच्यात फरक कसा करायचा?’

मी सव्वीस वर्षं अनुवाद करते आहे. त्यातली बरीचशी वर्षं व्यायामाच्या आणि फिजिओथेरपीच्या पुस्तिका मराठीत आणण्यात गेली, त्यामुळे या शब्दाशी माझी जुनी झटापट आहे. शब्दकोशाने तुम्हाला चुकीचं सांगितलेलं नाही, त्याने अर्धंच सांगितलंय.

उरलेलं अर्धं मराठीतच आहे. आपण ‘पोक’ दोन क्रियापदांबरोबर वापरतो. म्हाताऱ्या माणसाला पोक येतं. धडधाकट मुलगा पोक काढतो. आलेलं पोक त्याच्या हातातलं नसतं, काढलेलं पोक मात्र त्याने स्वतः काढलेलं असतं आणि म्हणूनच आपण त्याला रागावतो. स्लाउच हा फक्त या दुसऱ्या जातीचा शब्द आहे. ज्याला ‘ताठ बस’ म्हटल्यावर ताठ बसता येतं, तो आधी स्लाउच करत होता. ज्याला सांगूनही येत नाही, त्याच्यासाठी हा शब्द वापरू नये. डॉक्टरही असाच फरक करतात: सरळ व्हायला सांगितल्यावर जी गोलाई निघून जाते ती सवयीची, जी राहते ती हाडांची. पाठीच्या गोलाईसाठी कायफोसिस हा शब्द वैद्यकीय कागदांत येतो, त्यात दोन्ही येऊ शकतात. शिवाय पाठीच्या वरच्या भागाला थोडी गोलाई निसर्गतःच असते, तिलाही कायफोसिसच म्हणतात. तेव्हा वैद्यकीय मजकुरात कायफोसिस दिसला की स्लाउच समजू नका. हाडं ठिसूळ होऊन मणके दबलेल्या बाईबद्दल ‘ती पोक काढून बसते’ असं लिहिलंत तर तिच्यावर अन्याय होईल.

शब्दाचा इतिहासही याच बाजूचा आहे. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत दिसू लागला तो नाम म्हणून, आणि अर्थ होता आळशी, गबाळा, ऐदी माणूस. मूळ बहुधा स्कँडिनेव्हियन असावं असं मानतात. जुन्या नॉर्स भाषेतला ऐदी माणसासाठीचा शब्द आणि ‘सैल’ या अर्थाचा स्लॅक, या दोघांशी त्याचं नातं जोडलं जातं. मान-खांदे पाडून उभं राहण्याचा अर्थ त्याला चिकटला तो अठराव्या शतकात. म्हणजे आधी माणूस आळशी ठरला आणि मग त्याची पाठ. आजही इंग्रजीत कुणी ‘डोन्ट स्लाउच’ म्हणालं की पाठीबरोबर त्या माणसालाही टोचतं. मराठीत गंमत अशी की आपण ताठपणातून स्वभाव काढला: ताठ मानेचा, कणा नसलेला, आणि जास्तच झालं तर ताठा. पोक मात्र बिचारं पाठीवरच राहिलं, स्वभावात कधी शिरलं नाही. स्लाउचच्या जागी नुसतं पोक ठेवलं की वाक्य फिकं पडतं ते यामुळे.

आता बसल्या जागी एक करून बघा. खुर्चीच्या पुढच्या कडेवर, पाठ न टेकता, ताठ बसा. दोन्ही हातांची बोटं कमरेवर, मणक्याच्या दोन्ही अंगांना ठेवा. तिथे दोरीसारखे उभे स्नायू थोडे टणक लागतील. आता हळूहळू अंग सोडा. आधी पेल्विस, म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा, मागे कलंडतो, मग कमरेची आतली कमान सपाट होते, पाठीचा वरचा भाग गोल होतो, आणि नजर समोर ठेवायची म्हणून हनुवटी पुढे येते. पूर्ण अंग सोडलं की बऱ्याच जणांना बोटांखालचा टणकपणा कमी झालेला जाणवतो. स्नायूंनी काम टाकलेलं असतं आणि धडाचा भार लिगामेंट्सवर, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांवर, आणि मणक्यांच्या सांध्यांवर गेलेला असतो. स्लाउच म्हणजे हे, अंग सोडणं. मराठीत ‘अंग टाकून बसणे’ आहेच, आणि माझ्या मते पोकापेक्षा तेच स्लाउचच्या जास्त जवळचं आहे.

ही एक खूण हाताशी असली की बाकीचे शब्द आपोआप वेगळे पडतात. कोणते स्नायू काम करताहेत आणि कोणते नाहीत, एवढंच विचारायचं.

हंचमध्ये खांदे कानांकडे चढतात. मानेचे, खांद्यांचे स्नायू आवळलेले असतात. थंडी, भीती, किंवा कामात बुडून जाणं, काहीही कारण असेल, माणूस सैल नसतो, आखडलेला असतो. ‘अंग आखडून’, ‘खांदे वर घेऊन’, ‘अंग चोरून’ असं काहीतरी तिथे लागेल. परीक्षेच्या आदल्या रात्री टेबलावर वाकलेली मुलगी हंच करते. परीक्षा झाल्यावर सोफ्यात पडलेली तीच मुलगी स्लाउच करते. बाहेरून दोघींची पाठ जवळजवळ सारखीच गोल दिसते, फोटोत तर फरक सांगताही येणार नाही, पण एकीचं अंग ताणलेलं आहे आणि दुसरीचं सोडलेलं.

क्राउच तर स्लाउचच्या अगदी उलट. त्यात गुडघे वाकलेले, मांड्या कामाला लागलेल्या, आणि बहुतेकदा पुढच्याच क्षणी काहीतरी घडणार असतं. दबा धरणे, दबकणे, कधी नुसतं उकिडवं बसणे. यष्टिरक्षक यष्टींमागे क्राउच करतो. तो स्लाउच करत असेल तर कर्णधाराने त्याच्याशी बोलायला हवं.

स्लम्प ही स्थिती असण्याआधी घटना असते. वाईट बातमी ऐकून माणूस खुर्चीत स्लम्प करतो, आणि मराठीत त्यासाठी एक सुरेख शब्द तयार आहे: तो मटकन बसतो. स्लाउचमध्ये हे ‘मटकन’ नसतं, तिथे माणूस हळूहळू घसरत गेलेला असतो. बाजार स्लम्प होतो, म्हणजे भाव कोसळतात, पण बाजार स्लाउच होत नाही. फिजिओथेरपीत ‘स्लम्प टेस्ट’ नावाची तपासणी आहे. रुग्णाला बसवून पाठ गोल करायला, मान खाली घालायला सांगतात, मग पाय गुडघ्यात सरळ करवतात आणि पाठीपासून पायापर्यंतच्या नसेवर ताण येऊन नेहमीचं दुखणं उठतं का ते पाहतात. ते तपासणीचं नाव आहे, त्याचं भाषांतर करत बसू नका.

स्टूप म्हणजे पुढे वाकणं. जमिनीवरची किल्ली उचलायला, ठेंगण्या दारातून आत जायला, किंवा वयाने. पहिल्या दोन्हींत हेतू आहे, तिसऱ्यात नाइलाज. ढिलेपणाचा दोष एकातही नाही. त्याचा नैतिक अर्थ मात्र स्लाउचपेक्षा कडक: ‘स्टूप टू’ म्हणजे त्या थराला जाणं. उंच माणसाने बुटक्यांशी बोलताना वाकलेलं राहणं हाही स्टूप, आणि पुढे तीच सवय जडली की इंग्रजीत लोक स्टूपही म्हणतात आणि स्लाउचही. सीमा तिथे पुसट आहे, नाही असं मी म्हणणार नाही. बोलणाऱ्याला कीव येत असेल तर तो स्टूप म्हणेल, वैतागला असेल तर स्लाउच.

लाउंज आणि लॉल यांच्यावर वेळ घालवू नका. त्यांत आराम आहे. ऐसपैस पसरणं, लोळणं.

आता व्याकरणातली गोष्ट, कारण खरं अडतं ते इथे. स्लाउच हे क्रियापद माणूस बसलाय, उभा आहे की चालतोय हे सांगतच नाही. ते फक्त ‘कसा’ एवढंच सांगतं. उरलेलं शेजारचे शब्द सांगतात: स्लाउच इन, स्लाउच अगेन्स्ट, स्लाउच ओव्हर, स्लाउच ऑफ. मराठीची रचना याच्या उलटी. आपलं मुख्य क्रियापद बसला, उभा राहिला, गेला हे सांगतं आणि ‘कसा’ हे ‘-ऊन’ किंवा ‘-त’ लावून आधी येतं: अंग टाकून बसला, खांदे पाडून उभा राहिला, पाय ओढत निघून गेला. म्हणून स्लाउचला मराठीत एकच प्रतिशब्द शोधणं हा प्रयत्नच फसणारा आहे. दर वेळी आधी विचारा, माणूस काय करतोय? ते क्रियापद ठरलं की ‘कसा’ आपोआप सुचतं.

बसण्याच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. खुर्चीत स्लाउच दोन दिशांनी होतो. एक पुढे: टेबलावर कोपर, गोल पाठ, लोंबणारं डोकं. दुसरा मागे: ढुंगण पुढे सरकलेलं, पाठ खुर्चीच्या पाठीवर अर्धवट टेकलेली, हनुवटी छातीला, पाय लांब पसरलेले. इंग्रजीत दोन्हीला तोच शब्द. शरीराला मात्र हे दोन्ही सारखे नाहीत. १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत दाब मोजणारा सेन्सर बसवून वेगवेगळ्या स्थितींत आकडे घेतले. खुर्चीत मागे स्लाउच करून बसल्यावर दाब ०.२७ मेगापास्कल भरला, पाठीला आधार न देता सैल बसल्यावर ०.४६ आणि बसून पूर्ण पुढे वाकल्यावर ०.८३. एका माणसावरचे आकडे आहेत आणि चकतीतला दाब म्हणजे सगळं दुखणं नव्हे, तेव्हा यावरून कुणी सोफ्यात लोळण्याचं समर्थन करू नये. पण ‘स्लाउच वाईट’ असं सरसकट लिहिणाऱ्या लेखाचं भाषांतर करताना कोणता स्लाउच, हे मी तेव्हापासून मूळ लेखकाला विचारते. अनुवादात पुढच्यासाठी ‘पोक काढून’ चालेल. मागच्यासाठी मुळीच नाही, तिथे ‘खुर्चीत घसरून’ किंवा ‘खुर्चीत अंग टाकून’.

काळाचीही एक चूक वारंवार दिसते. ‘ही वॉज स्लाउचिंग’ याचं ‘तो वाकत होता’ असं होतं. मराठीत ‘वाकत होता’ म्हटलं की वाकण्याची क्रिया चालू आहे असं चित्र उभं राहतं, जणू व्यायाम चाललाय. इथे स्थिती आहे. ‘अंग टाकून बसला होता’ हवं. ‘वॉज स्लाउच्ड’ असलं तरी मराठी तेच राहील. दोन इंग्रजी रूपांना दोन मराठी रूपं द्यायलाच हवीत असं नाही.

उच्चार: स्लाउच, काउच आणि पाउचसारखा. टचसारखा नाही. शेवटचा च ‘चार’मधला, ‘चाक’मधला नव्हे. भूतकाळी रूप ‘स्लाउच्ट’ असं ऐकू येतं, ‘स्लाउचेड’ नाही.

‘नो स्लाउच’बद्दल आधी माझी फजिती सांगते. पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. एका मुष्टियोद्ध्यावरच्या लेखात त्याच्या प्रतिस्पर्ध्याबद्दल ‘नो स्लाउच इन द रिंग’ असं होतं. मी लिहिलं, ‘रिंगणात तो पोक काढत नाही.’ वाक्य इतकं खरं वाटतं की संपादकांच्याही नजरेतून सुटलं. मुष्टियोद्धा पोक कशाला काढेल! छापून आल्यावर एका वाचकाने पत्र पाठवून नम्रपणे कळवलं, की त्याला लढता येतं असं म्हणायचं असावं.

हा वाक्प्रचार अमेरिकेतला, अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचा, आणि त्यात शब्दाचा तो जुना, पाठीशी संबंध नसलेला अर्थ जिवंत राहिलाय. स्लाउच म्हणजे निकामी माणूस, तो हा नव्हे, म्हणजे हा चांगलाच तयार आहे. नकाराशिवाय या अर्थी तो आता क्वचितच येतो. ‘ही इज अ स्लाउच’ असं आजचा इंग्रज सहसा म्हणणार नाही, ‘नो’ किंवा ‘नॉट अ’ लागतंच. पुढे ‘अॅट’, ‘इन’ किंवा ‘व्हेन इट कम्स टू’ येऊन कशात तयार ते सांगितलं जातं. स्तुती आहे, पण हात राखून केलेली. ‘ती अप्रतिम गाते’ असं भाषांतर केलंत तर ते जास्त झालं. ‘गाण्यात तीही काही कमी नाही’ हे वजन बरोबर. पात्र जरा बोलघेवडं असेल तर ‘कच्च्या गुरूचा चेला नाही तो’ खुलून दिसतं. मला सगळ्यात आवडतो तो ‘लेचापेचा नाही’, कारण त्यातही आधी शरीराचा ढिलेपणा आहे आणि मग माणसाचा. पण तो ताकदीच्या, हिमतीच्या संदर्भात शोभतो. गणितात हुशार असलेल्या मुलीला लेचीपेची नाही म्हणून चालणार नाही.

दोष देणारा हा शब्द कपड्यांत मात्र कौतुकाचा होतो. स्लाउची पिशवी, स्लाउची स्वेटर म्हणजे मुद्दाम सैल, घडी न राखणारं, अंगावर आरामात पडणारं. ‘ढगळ’ म्हटलं तर दोष होतो, ‘सैलसर’ म्हणावं. स्लाउच हॅट हे टोपीचं नाव, रुंद आणि मऊ कडेची टोपी, जिची कड खाली लवते. ऑस्ट्रेलियन सैनिकांची ती ओळखच आहे. त्यांच्या टोपीची डावी कड वर दुमडून अडकवलेली असते, बंदूक खांद्यावर घेताना आड येऊ नये म्हणून. म्हणजे ती टोपी घालणारा सैनिक बहुधा ताठच उभा असतो! नावाचं भाषांतर करू नका, वर्णन करा. आणि पहिल्या महायुद्धाच्या आसपास तरुण मुलींच्या ऐटीत झुकून उभं राहण्यालाच ‘डेब्युटंट स्लाउच’ म्हणत: कंबर पुढे, खांदे मागे पडलेले. थोरांनी नावं ठेवलेली ढब पोरांनी फॅशन म्हणून उचलणं हे शब्दांच्या बाबतीतही घडतं.

संवादात ‘डोन्ट स्लाउच’ आलं तर ‘पोक काढू नकोस’ बरोबर आहे, पण मी बहुतेकदा ‘ताठ बस’ लिहिते. घराघरांत आई-बाप म्हणतात ते हेच, आणि उपशीर्षकांत दोन शब्दांत काम होतं. पात्र आजच्या वयाचं असेल तर ‘स्लाउच नको करू’ असंही मराठीत सर्रास ऐकू येतं. ते संवादात खुशाल ठेवा, निवेदनात नको.

तुमच्या कथेकडे येऊ. वर्गातला मुलगा पुढे झुकलाय की मागे घसरलाय हे मूळ परिच्छेदात शोधा. बाक, पाय, हनुवटी, काहीतरी खूण असेलच. खूण नसेल तर ‘बाकावर अंग टाकून बसला होता’ दोन्हीकडे चालतं. भिंतीपाशी पोकाचा प्रश्नच येत नाही. तिथला स्लाउच बेफिकिरीचा आहे, ‘भिंतीला रेलून उभा होता’, हवं तर ‘खांदे पाडून’ जोडा. शेवटी जाताना तो रागावलाय की खजील झालाय ते तुम्हाला माहीत. ‘खांदे पाडून, पाय ओढत तो खोलीबाहेर पडला’ हे दोन्ही भावनांना पुरतं.

आजीच्या वाक्याला मी थोडा जास्त वेळ दिला असता. मुळात स्टूप्ड आणि नो स्लाउच एकाच म्हातारीबद्दल आलेत, एकमेकांपासून फार लांब नसतील तर लेखकाने ते मुद्दाम जुळवले असावेत. पाठ वाकलीय, बाई वाकलेली नाही. वर मी ‘नो स्लाउच’ला पोकापासून लांब ठेवा म्हणाले, पण इथे एकदा तो नियम मोडून बघा. आपल्याकडे ‘येणे’ आणि ‘काढणे’ आहेतच: ‘पोक आलंय म्हातारीला, पण पोक काढून बसणाऱ्यांतली नाही ती.’